मदरबोर्डची परीक्षा आणि ‘प्रत्यक्ष व्यवहार’

संगणकाच्या मदरबोर्डचे परीक्षण हा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुरता रूढ झालेला लेखनप्रकार आहे. त्याची रचना एखाद्या आख्यानकाव्याइतकी ठरीव असते. आरंभी खोक्याचे व त्यातील साहित्याचे वर्णन; मग बोर्डावरील खाचा, जोडण्या व त्यांची मांडणी; त्यानंतर बायॉसच्या पडद्यांची प्रदक्षिणा; पुढे आकड्यांचे तक्ते; आणि अखेरीस निवाडा. तक्त्यांच्या भागात एक पोटविभाग बहुधा हटकून येतो. कृत्रिम चाचण्यांचे आकडे देऊन झाल्यावर परीक्षक किंचित स्वर बदलतो आणि आता ‘प्रत्यक्ष व्यवहारातील’ चाचण्यांकडे वळू, असे सांगतो. या चाचण्यांत मानाचे स्थान पुष्कळदा फोटोशॉप या प्रतिमा-संपादनाच्या सॉफ्टवेअरला मिळते. एक ठरावीक छायाचित्र उघडावयाचे, त्यावर ठरावीक क्रमाने दहा-वीस क्रिया करवावयाच्या, लागलेले सेकंद मोजावयाचे आणि ज्या बोर्डावर ते सर्वांत कमी भरतील तो बोर्ड श्रेष्ठ मानावयाचा, अशी ही पद्धती आहे.

प्रस्तुत विवेचनाचा विषय हा ‘प्रत्यक्ष व्यवहार’ होय. हे विशेषण परीक्षकाच्या हाती फार सहज येते, आणि ते लावताच त्याच्या आकड्यांना साक्षीची योग्यता प्राप्त होते. कृत्रिम चाचणीविषयी वाचक साशंक असतो. फोटोशॉपविषयी तो नसतो, कारण हे सॉफ्टवेअर खरे आहे, खरी माणसे ते वापरतात आणि छायाचित्रही खरेच असते. परंतु खरे सॉफ्टवेअर, खरे छायाचित्र आणि खऱ्या क्रिया एकत्र आणल्या म्हणजे खरा व्यवहार सिद्ध होतो काय? शब्दकोशातील प्रत्येक शब्द खरा असतो. तरी कोशाचे एक पान मोठ्याने वाचणे याला कोणी संभाषण म्हणत नाही.

हा प्रश्न ज्या ठिकाणी निव्वळ तात्त्विक राहत नाही, अशा ठिकाणांपैकी उल्हासनगरचा कॅम्प ४ हे एक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीच्या पाच भागांचे क्रमांक अद्यापि पत्त्यात चालतात. चौथ्या भागात सिंधी वस्तीच्या जोडीला मराठी वस्तीही मोठी आहे. लालचक्की, कुर्ला कॅम्प, सुभाष टेकडी अशा परिसरांतून, मुंबईभोवतीच्या कोणत्याही दाट उपनगराप्रमाणेच, लग्नाचे अल्बम, फ्लेक्स, पत्रिका आणि दुकानांच्या पाट्या यांची कामे चालतात. अशा दुकानातील मशीन बहुधा ‘असेंबल’ केलेले असते. चिप, रॅम, डिस्क व बोर्ड हे घटक निरनिराळे निवडले जातात. पुष्कळदा ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, येतात. तयार संगणक घेणाऱ्याला बोर्ड कोणता हे ठाऊकही नसते. येथे मात्र ‘बोर्ड कोणता घालायचा’ हा स्वतंत्र व्यवहार आहे, आणि महाग बोर्डावर जे पैसे जातात ते रॅमच्या किंवा डिस्कच्या वाट्याचे कमी होतात. परीक्षणातील दोन सेकंदांच्या फरकाला येथे किंमत मोजली जाते.

उल्हासनगरच्या मालावरील ‘मेड इन यू. एस. ए.’ हा विनोद सर्वश्रुत आहे; या आद्याक्षरांचा विस्तार ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा करावयाचा. विनोदाचे मर्म असे की अक्षरे खरी, मात्र ती कशाची आद्याक्षरे हे छापणाऱ्यावर अवलंबून. ‘प्रत्यक्ष व्यवहार’ ही छापही याच जातीची आहे काय, हे पाहावे लागते.

‘बेंचमार्क’ हा शब्द मूळचा भूमापकांचा. दगडात आडवी खाच खोदून तिच्यात लोखंडी कोन बसवीत, त्या बैठकीवर मापनदंड उभा करीत, आणि त्या बिंदूची उंची कायमची ठरे. म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थात स्थिर राहणाऱ्या वस्तूचा निर्देश आहे. मराठीत आपण सहजी वापरतो तो ‘कसोटी’ हा शब्द सोनाराच्या काळ्या दगडावरून आला. त्या दगडावर सोन्याचा कस उमटतो. दागिन्याची कडी वर्षभराने तुटेल की नाही, हे त्यावर उमटत नाही. दोन्ही शब्द आपापल्या धंद्यात प्रामाणिक होते, कारण प्रत्येकाला आपण काय मोजतो आणि काय मोजत नाही हे माहीत होते. संगणकाच्या क्षेत्रात ही मर्यादा हळूहळू पुसली गेली.

त्या क्षेत्रातील आरंभीच्या चाचण्या उघडपणे कृत्रिम होत्या. १९७२ सालची ‘व्हेटस्टोन’ ही चाचणी इंग्लंडच्या लेस्टरशायरमधील एका गावाच्या नावाने ओळखली गेली. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ धार लावण्याचा दगड. परंतु उच्चारसाम्यामुळे त्यात ‘ओला दगड’ही ऐकू येतो, म्हणून राइनहोल्ड वाइकर यांनी १९८४ मध्ये आपल्या चाचणीस ‘ड्राइस्टोन’, म्हणजे कोरडा दगड, असे नाव दिले. ही दुसरी चाचणी भाषाभ्यासकाला विशेष बोधप्रद वाटावी. प्रत्यक्ष लिहिल्या गेलेल्या आज्ञावल्यांत कोणत्या प्रकारची विधाने किती वेळा येतात याची गणती करून, त्याच प्रमाणात विधाने गुंफून एक निरर्थक आज्ञावली रचण्यात आली. मराठीतील शब्दांची वारंवारता मोजून त्याच प्रमाणात शब्द एकामागून एक मांडावेत आणि तो मराठीचा नमुना समजावा, तसा हा प्रकार होता. प्रमाण अचूक, पण वाक्य नाही. भाषांतरकर्त्या आज्ञावल्या, ज्यांना कंपायलर म्हणतात, त्यांनी हे हेरले. ज्या गणिताचे उत्तर कोणालाच नको आहे ते गणित करावयाचे कशाला, म्हणून त्यातील भाग त्या गाळूही लागल्या.

यावर उपाय म्हणून १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पेक’ या संस्थेने खऱ्या आज्ञावल्यांचा संच पुढे आणला. तेथेही फार काळ निभावले नाही. संचातील ‘मॅट्रिक्स-३००’ या एका आज्ञावलीवर कंपायलर बनवणाऱ्यांनी इतकी मेहनत घेतली की तिचे आकडे इतरांच्या मानाने आकाशाला भिडले आणि १९९२ च्या संचातून ती वगळावी लागली. जी वस्तू परीक्षेत येणार हे आधी ठाऊक असते, तिचीच तयारी होते. कोणत्याही विद्यापीठीय विभागाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

या पार्श्वभूमीवर फोटोशॉपकडे परीक्षक वळले हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. १९९० मध्ये बाजारात आलेले हे सॉफ्टवेअर चिपला, रॅमला आणि डिस्कला एकाच वेळी राबवते. प्रतिमेतील प्रत्येक बिंदूवर तेच गणित लक्षावधी वेळा करावयाचे असल्याने यंत्राच्या शक्तीचा फरक येथे डोळ्यांना दिसतो. १९९७ मध्ये इंटेलने एमएमएक्स आज्ञा आणल्या तेव्हा प्रतिमांवरील क्रिया हेच त्यांचे ठळक उदाहरण होते. आणि ॲपलने आपली पॉवरपीसी यंत्रे पेंटियमपेक्षा जलद असल्याचे व्यासपीठावरून दाखवले, २००१ च्या न्यूयॉर्कमधील मेळाव्यातही, ते फोटोशॉपच्याच साहाय्याने. तथापि अशा प्रात्यक्षिकांत एक प्रश्न नेहमी दबून राहतो: क्रिया निवडल्या कोणी? फोटोशॉपमध्ये शेकडो क्रिया आहेत. काही एका चिपवर जलद होतात, काही दुसरीवर. सिसमार्क या प्रसिद्ध चाचणीसंचाच्या २००२ च्या आवृत्तीवर एएमडीने जो आक्षेप घेतला तो नेमका हाच होता. फोटोशॉपच्या ज्या क्रियांत तिची चिप सरस होती त्या नव्या आवृत्तीतून गळाल्या, असे तिचे म्हणणे होते. पुढे २०११ मध्ये एएमडी, एनव्हिडिया व व्हाया या तिन्ही कंपन्या सिसमार्क बनवणाऱ्या संघातून बाहेर पडल्या. वादातील खरेखोटे काहीही असो. सॉफ्टवेअर खरे असले म्हणून त्यातून केलेली निवड तटस्थ ठरत नाही, एवढे त्यावरून दिसते. वेचे खरे असूनही संपादकाचा कल कळावा, अशीच ही गोष्ट.

आता मदरबोर्डच्या चाचणीकडे येऊ. तिची रीत मोठी विचारपूर्वक बसवलेली आहे आणि तिच्यावर टीका करण्यापूर्वी तिचे ऋण मान्य केले पाहिजे. चिप तीच, रॅम तीच, डिस्क तीच, सॉफ्टवेअर तेच. बदलावयाचा फक्त बोर्ड. वर्णनात्मक भाषाविज्ञानात ज्याला न्यूनतम युग्म म्हणतात, त्याचीच ही पद्धत. ‘चार’ ही संख्या आणि ‘गुरांना चार’ यातील आज्ञार्थी ‘चार’ हे दोन शब्द घ्यावेत. बाकी सर्व समान ठेवून एकच ध्वनी बदलला, तालव्य च च्या जागी दंतमूलीय च आला, आणि अर्थ बदलला. म्हणून हा भेद मराठीत सार्थ ठरतो. देवनागरी तो दाखवत नाही, ही गोष्ट वेगळी. परंतु या पद्धतीचा दुसरा अर्धा भाग परीक्षक विसरतात. एकच मराठी माणूस ‘चार’ हा शब्द दहा वेळा उच्चारील तर दहाही उच्चार सूक्ष्म उपकरणावर भिन्न येतील. त्या भेदांची नोंद होऊ शकते. त्यांना अर्थ नसतो. स्वन आणि स्वनिम यांतील हा फरक विसरणाऱ्या अभ्यासकाला मराठीत सहस्रावधी च सापडतील.

मदरबोर्डच्या परीक्षणांत हेच घडते. एका बोर्डावर फोटोशॉपचा क्रियासंच १८२ सेकंदांत झाला आणि दुसऱ्यावर १८४ मध्ये, असे समजा. हा भेद सुमारे एक टक्क्याचा. तोच संच त्याच बोर्डावर पुन्हा चालवला तरी एवढा फरक पडू शकतो. तरीही तक्त्यात पट्ट्यांची उंची लहानमोठी दिसते, वरचा बोर्ड ‘विजेता’ होतो, आणि क्रमवाचक विशेषणे भराभर जन्माला येतात. उपकरणाने टिपलेला भेद आणि वापरणाऱ्याला जाणवणारा भेद यांतील अंतर या भाषेत नाहीसे होते.

पूर्वी असे नव्हते. रॅमशी व्यवहार करणारा नियंत्रक जोपर्यंत बोर्डावरील चिपसेटमध्ये होता तोपर्यंत बोर्डाबोर्डांत खरोखर अंतर असे. १९९८ चा इंटेलचा ४४०बीएक्स हा संच आणि व्हायाचे समकालीन संच यांतील फरक मोठ्या प्रतिमा उघडणाऱ्याला जाणवत असे. २००३ मध्ये एएमडीने ॲथलॉन ६४ च्या द्वारे आणि २००८ मध्ये इंटेलने कोअर आय-७ च्या द्वारे तो नियंत्रक चिपमध्येच घेतला. त्यानंतर बोर्डाकडे वेग ठरवण्याचे काम फारसे उरले नाही. लेखनप्रकार मात्र उरला. तक्ते, पट्ट्या आणि विजेता यांसह. वाङ्मयाच्या इतिहासात आशय सरल्यावरही टिकून राहिलेल्या रचनाबंधांची उदाहरणे विपुल आहेत. त्यांत यंत्रपरीक्षणाची भर पडावी हे थोडे नवलाचे, एवढेच.

रचनाबंध टिकला की त्याची मागणीही टिकते. विजेता हवा असेल तर फरक हवा. फरक नसेल तर तो उत्पन्न केला जातो. बसचा वेग १३३ मेगाहर्ट्झ असावा अशी अपेक्षा असताना एखादा बोर्ड गुपचूप १३५ वर चालवावा, म्हणजे सव्वा-दीड टक्क्याची आघाडी आपोआप मिळते, ही जुनी युक्ती. २०१२ च्या सुमारास तिला अधिक प्रौढ रूप आले. इंटेलच्या कोअर आय-७ ३७७०के या चिपचे चारही गाभे एकदम राबत असता त्यांचा वेग ३.७ गिगाहर्ट्झ असावा आणि एकट्या गाभ्याला ३.९ पर्यंत जाता यावे, असे तिच्या कर्त्यांनी ठरवले होते. काही बोर्डांनी चारही गाभे ३.९ वर चालवण्याची सोय केली आणि ती मूळ रचनेतच चालू ठेवली. पाच टक्क्यांचा हा लाभ परीक्षणात ‘बोर्डाची कामगिरी’ म्हणून नोंदला गेला. वस्तुतः ती चिपची कामगिरी होती, आणि तीही तिच्या मर्यादेपलीकडची.

या खेळाचा हिशेब पुढे द्यावा लागला. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील वरच्या दर्जाच्या चिपा अस्थिर होतात अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा २०२४ च्या वसंतात इंटेलने प्रथम बोट दाखवले ते विजेच्या व प्रवाहाच्या मर्यादा उठवणाऱ्या बोर्डांच्या मूळ रचनांकडे. त्याच वर्षी पुढे, चिप स्वतःच गरजेहून अधिक व्होल्टेज मागत होती, असे इंटेलला मान्य करून सुधारित मायक्रोकोड द्यावा लागला. म्हणजे दोष सर्वस्वी बोर्डांचा नव्हता. परंतु मर्यादा उठवून ठेवण्याचा मोह कोठून उत्पन्न झाला, याचे उत्तर बऱ्याच अंशी परीक्षणातील पट्ट्यांच्या उंचीत आहे. अशा बोर्डाला कसोटीवर कस अधिक दाखवता आला. दागिना त्याने कमकुवत केला.

येथवर परीक्षणाच्या स्वतःच्या नियमांनी त्याची तपासणी झाली. ‘व्यवहार’ या पदाची तपासणी अद्याप बाकी आहे, आणि तीच अधिक महत्त्वाची.

कोणता भेद सार्थ हे त्या भाषेचा समाज ठरवतो. मराठीत ‘काल’ आणि ‘खाल’ हे दोन शब्द आहेत, कारण महाप्राणाचा भेद मराठी समाजाला सार्थ आहे. इंग्रजी भाषकाच्या तोंडी तोच भेद ये-जा करतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. तद्वत, बोर्डांतील कोणता भेद सार्थ हे विचारावयाचे तर प्रथम कोणाच्या व्यवहारात, हे सांगितले पाहिजे. परीक्षकाचा व्यवहार त्याच्या चाचणीतून नीट वाचता येतो. एकच छायाचित्र, मध्यम आकाराचे. एका वेळी एकच सॉफ्टवेअर उघडे. क्रिया एकामागून एक, मध्ये विचार नाही, ग्राहक नाही. बोर्ड उघड्या मेजावर, वातानुकूलित खोलीत. सर्व मिळून काही मिनिटे. आणि संपूर्ण संचात पुष्कळदा अक्षर एकही नाही.

कॅम्प ४ मधील अल्बमच्या कामाशी हे ताडून पाहावे. लग्नाच्या अल्बमचे एक पसरट पान १२ इंच बाय ३६ इंच असते. दर इंचास ३०० बिंदू धरले तर ३,६०० गुणिले १०,८०० म्हणजे सुमारे ३ कोटी ८९ लाख बिंदू. दर बिंदूस ३ बाइट धरता एकच थर सुमारे ११७ मेगाबाइटचा. त्यावर वधूवरांची छायाचित्रे, चौकटी, सावल्या, फुलांच्या नक्ष्या असे थर चढत जातात. फ्लेक्सची गोष्ट आणखी मोठी. २० फूट बाय १० फुटांचा फलक ७२ बिंदूंच्या घनतेने छपाईच्या चार रंगांत केला तर चपटी केलेली प्रतिमाही ५९७ मेगाबाइटच्या घरात जाते. प्रतिमेच्या आकाराच्या तीन ते पाच पट रॅम असावी हा फोटोशॉपच्या वापरातील जुना नियम लक्षात घेता, ८ गिगाबाइट रॅमच्या मशीनवर हे काम अगदी काठावर चालते. आणि त्याच वेळी कोरल ड्रॉ उघडे असते, ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप चालू असते, कारण ग्राहकाचे फोटो तेथूनच येतात. रॅम संपली की फोटोशॉप डिस्कवर लिहू लागते. त्या क्षणापासून बोर्ड कोणता आहे याला जवळजवळ काहीच अर्थ राहत नाही. डिस्क कोणती आणि रॅमच्या खाचा दोन की चार, यांना राहतो. परीक्षणात खाचांची संख्या वर्णनाच्या परिच्छेदात येते आणि गुणांच्या तक्त्यात येत नाही. सार्थ भेद वर्णनात पडला, निरर्थक भेद तक्त्यात चढला.

अक्षराचा प्रश्न तर परीक्षकांच्या गावीही नाही. फ्लेक्सवर छायाचित्रापेक्षा नावे अधिक असतात, हे कोणत्याही नाक्यावर उभे राहिल्यास दिसेल. मराठी मजकूर फोटोशॉपमध्ये आणण्यासाठी मुंबई-पुण्याकडील दुकानांनी दीर्घकाळ जी वाट धरली ती मोठी चतुर होती. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीच्या श्री-लिपीसारख्या संचांतील जुन्या फाँटांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. फोटोशॉपला वाटे आपण रोमन लिहीत आहोत; पडद्यावर मराठी उमटे. युनिकोडची देवनागरी वापरू गेल्यास जुन्या आवृत्त्यांत वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूस पडे आणि जोडाक्षरे फुटत. नंतरच्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिपींची जुळणी आली, तरी जुन्या फाइली आणि जुनी सवय यांमुळे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत आहेत. उल्हासनगरात त्यात तिसरी लिपी मिसळते: सिंधी, बावन्न अक्षरांची, अरबी वळणाची, उजवीकडून डावीकडे. ज्या दुकानात एकाच फलकावर या लिपी जुळवाव्या लागतात, तेथील वेळ कशात जातो हे एखादे चित्र धूसर करण्यास किती सेकंद लागले यावरून कळणार नाही. २०२२ च्या कायदादुरुस्तीने लहान दुकानांनाही देवनागरी मराठी पाट्या बंधनकारक झाल्या, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील दुकानदारांच्या प्रकरणात पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटीवरील अक्षर हा या धंद्याचा केवढा भाग आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. कामाचा जेवढा अंश जलद होतो तेवढ्यापुरताच लाभ एकंदर कामाला मिळतो. समजा, अल्बमचे एक पान लावण्यास २० मिनिटे लागली आणि त्यांतील १ मिनिट माणूस यंत्राची वाट पाहत बसला. बोर्ड तीन टक्क्यांनी जलद असेल तर वाचले १.८ सेकंद, १,२०० सेकंदांतून. नवऱ्या मुलाच्या मामांचा फोटो मोठा घ्यावा की काकांचा, या प्रश्नात याहून अधिक वेळ जातो.

दुकानात यंत्राविषयी जे बोलले जाते तेही ऐकण्यासारखे आहे. परीक्षणाची भाषा विशेषणांची व तरतमभावाची असते: जलद, अधिक जलद, सर्वांत जलद. दुकानाची भाषा क्रियापदांची असते. मशीन हँग होते. मशीन गरम होते. मशीन बंद पडते. बोर्ड उडतो. ग्राहकाचा प्रश्न ‘किती फास्ट आहे?’ असा क्वचित असतो. ‘हँग नाही ना होणार?’ असा असतो. हा फरक शैलीपुरता नाही. ‘जलद’ हा गुण सरासरीने मोजता येतो. ‘हँग होणे’ ही घटना आहे, ती एकदाच घडते आणि तीन तासांचे न साठवलेले काम घेऊन जाते. शंभर वेळा मोजून काढलेल्या सरासरीत ती दिसत नाही, कारण ती त्या शंभरांत घडलेलीच नसते.

आणि या क्रियापदांच्या क्षेत्रातच बोर्डाबोर्डांतील खरे भेद आहेत. चिपला वीज पुरवणारा बोर्डावरील भाग, ज्याला धंद्यात व्हीआरएम म्हणतात, तो स्वस्त बोर्डांवर अनेकदा उघडा असतो. त्यावर उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळा नसतो. पाच मिनिटांच्या चाचणीत तो तापत नाही. मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली, धूळ साचलेल्या कॅबिनेटमध्ये, दुपारभर अल्बम साठवले जात असता तो तापतो आणि स्वतःच्या रक्षणासाठी चिपचा वेग खाली आणतो. हा फरक टक्का-दोन टक्क्यांचा नसतो. तो माणसाला जाणवतो. म्हणजे स्वनिमाच्या कसाला उतरणारा भेद येथे आहे, आणि नेमका तोच चाचणीच्या खोलीबाहेर ठेवलेला आहे.

याहून कटु उदाहरण जुने आहे. या शतकाच्या आरंभीच्या काही वर्षांत बनलेल्या असंख्य बोर्डांवरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सदोष द्रवामुळे फुगले आणि फुटले. दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडी ‘कपॅसिटर फुगला’ हे वाक्य त्या काळात रोजचे झाले. बोर्ड दोन-तीन वर्षांत निकामी होत. यांपैकी कित्येक बोर्डांना परीक्षणांत उत्तम गुण मिळाले असणार, कारण परीक्षणाच्या आठवड्यात ते उत्तमच चालत. अशा कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश उष्णतेला सुमारे निम्मे होते, हा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. वातानुकूलित खोली आणि कॅम्प ४ मधील खोली यांत तेवढे अंतर सहज असते.

परीक्षकांच्या बाजूनेही काही म्हटले पाहिजे. त्यांना पुनरावृत्ती हवी असते. कोणीही, कोठेही, तीच चाचणी करून तेच उत्तर मिळवू शकेल अशी. जीवनातील गोंधळ आत घेतला की पुनरावृत्ती जाते. ही अडचण खरी आहे, आणि भाषाभ्यासकाला ती परिचित आहे: प्रयोगशाळेत म्हणवून घेतलेले वाक्य स्वच्छ असते, बाजारात ध्वनिमुद्रित केलेले गढूळ. परंतु गढूळ ध्वनिमुद्रणे टाळून केवळ पहिल्या प्रकारच्या सामग्रीवर बोलीचा कोश कोणी रचला तर त्याला बोलीचा कोश म्हणू नये, एवढीच अपेक्षा असते. तद्वत फोटोशॉपच्या क्रियासंचाला क्रियासंच म्हणावे. चिपा व डिस्का यांची तुलना करण्यास तो उपयोगी आहे. तेथे भेद मोठे असतात आणि तो ते विश्वसनीयपणे दाखवतो. बोर्डांच्या बाबतीत तो जवळजवळ नेहमी एकच उत्तर देतो, ते म्हणजे फरक नाही. आणि हे उत्तर छापण्याची परीक्षकाची तयारी नसते.

मदरबोर्डची परीक्षा या धंद्याच्या दृष्टीने घ्यावयाचीच असेल तर ती कशी असावी, हे सांगणे अवघड नाही. बारा बाय छत्तीसची चाळीस पाने, थरांसह. कोरल ड्रॉ व ब्राउझर उघडे. मजकूर देवनागरीत, शक्य तर सिंधीतही. कॅबिनेट बंद, खोली ३५ अंशांची, पंखा चालू. सहा तास अखंड काम. मध्ये एकदा वीज घालवून पुन्हा आणणे. तक्त्यात सेकंद मोजू नयेत. वेग किती वेळा व किती खाली आला, मशीन किती वेळा हँग झाले, वीज आल्यावर ते पहिल्या प्रयत्नात सुरू झाले की नाही, आणि रॅमच्या किती खाचा मोकळ्या राहिल्या, एवढे स्तंभ पुरेत. वर्षानंतर तोच बोर्ड पुन्हा त्याच खोलीत बसवून आणखी एक स्तंभ भरावा. अशा तक्त्यात मध्यम किमतीचे बोर्ड बहुतेक एकाच ओळीत येतील, दोन-तीन स्वस्त बोर्ड स्पष्टपणे खाली राहतील, आणि सर्वांत महाग बोर्ड मध्यम बोर्डांच्याच शेजारी बसतील. महाग आणि मध्यम बोर्डांच्या किमतीत जो फरक आहे, तेवढ्यात ८ गिगाबाइटची आणखी एक रॅम येते का, हे मग लॅमिंग्टन रोडवर विचारावे.